घरगुती लोणचं, सॉस, सरबतासाठी पीएच मीटर कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंबटपणा जिभेला कळतो, मग मीटर कशाला?

जिभेला एकूण आंबटपणा कळतो, पीएच कळत नाही. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा: ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, आणि ७ पासून जितका खाली तितकं आम्ल तीव्र. साखर घातली की तोच गर गोड लागतो, पण पीएच जवळजवळ जागेवरच राहतो. उलट पाहिलं तर एखादा सॉस चांगला झणझणीत आंबट लागतो आणि मोजल्यावर ४.७ निघतो. चव आणि पीएच यांतला हा फरक जिवावर बेतू शकतो. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवा नसलेल्या बंद बाटलीत वाढतो आणि तिथेच विष तयार करतो. पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल तर त्याची वाढ होत नाही. म्हणून बंद बाटलीत, फ्रीजबाहेर टिकवायच्या पदार्थासाठी ४.६ ही जगभर मानलेली सीमा आहे. विष झालेल्या बाटलीला वास येईलच किंवा झाकण फुगेलच असंही नाही.

घरापुरतं चार बरण्या लिंबाचं लोणचं घालणाऱ्याला मीटरची गरज नाही. बचत गटातून किंवा घरगुती उद्योगातून माल विकायचा असेल, तो महिनोन्महिने दुकानाच्या फळीवर राहणार असेल, तर मात्र मीटरशिवाय काम करू नये.

आपल्याकडच्या कोणत्या पदार्थांना मीटर लागतंच?

लिंबाचा रस साधारण २.२ ते २.६ आणि चिंचेचा कोळ ३ च्या आसपास किंवा त्याखाली असतो. लातूरच्या पटडी चिंचेचा सॉस करणाऱ्यांना पीएचची धास्ती नाही. त्यांनी मीटर वापरावं ते दर घाणीला, म्हणजे एका वेळी काढलेल्या मालाला, चव सारखी यावी म्हणून.

खरी काळजी सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या पदार्थांची आहे. टोमॅटो ४.२ ते ४.६ आणि कधी त्याच्याही वर जातो. वाण, पिकण्याची अवस्था आणि हंगाम यांवर ते ठरतं. जास्त पिकलेला, मऊ पडलेला टोमॅटो स्वस्तात मिळतो म्हणून सॉसला घेतला जातो, आणि त्याचाच पीएच चढलेला असतो. पिकलेल्या केशर आंब्याचा रसही पूर्ण पिकल्यावर सीमेच्या जवळ येतो. मोसंबी लिंबाइतकी आंबट नाही, त्यामुळे नुसत्या रसाचं सरबत मोजूनच भरावं. सीताफळ आणि पपई तर ४.६ च्या बरीच वर असतात. लसूण, आलं, ओली हळद, हिरवी मिरची, गाजर यांच्यात स्वतःचं आम्ल फारसं नसतं. यांची चटणी किंवा लोणचं तेलात बुडवून ठेवायचं असेल तर आत लिंबू किंवा व्हिनेगर पुरेसं मुरलंय का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. तेल हवा रोखतं, आणि हवा नसणं हीच त्या जिवाणूच्या सोयीची गोष्ट आहे.

लिटमस किंवा रंगाच्या पट्ट्यांवर भागेल का?

चिंच, लिंबू, व्हिनेगर अशा ठळक आंबट पदार्थांना ढोबळ अंदाजासाठी चालतील. सीमेवरच्या पदार्थाला अजिबात नाही. पट्टीवरचे रंग बहुधा अर्ध्या ते एका अंकाच्या अंतराने छापलेले असतात, आणि हळद, तिखट, आंब्याचा गर हे स्वतःचाच रंग पट्टीवर चढवतात. अमेरिकेतल्या आम्लयुक्त खाद्यपदार्थांच्या नियमांत तर स्पष्ट म्हटलंय की तयार पदार्थाचा पीएच ४.० च्या वर असेल तर तो इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पदार्थात बुडवायचं टोक असलेल्या, मीटरनेच मोजावा. हा नियम आपल्याला लागू नसला तरी त्यामागचं कारण इथेही तेच आहे.

बाजारात कोणकोणती मीटर मिळतात आणि किती पैसे घालावेत?

सगळ्यात स्वस्त म्हणजे ऑनलाइन मिळणारं पिवळं पेन. साधारण पाचशे ते हजाराच्या आत येतं, सोबत बफर पावडरच्या दोन-तीन पुड्या असतात (बफर म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेलं, मीटर जुळवायचं द्रावण). यात इलेक्ट्रोड बदलता येत नाही. तो मेला की पेन कचऱ्यात. काही पेनांना कॅलिब्रेशनसाठी मागे एकच स्क्रू असतो, म्हणजे एकाच बिंदूवर जुळवणी होते. ती घेऊ नयेत. कारण पुढे तापमानाच्या प्रश्नात आलं आहे. दोन बिंदूंवर बटणाने कॅलिब्रेट होणारं पेन शिकायला आणि चिंच-लिंबासारख्या सुरक्षित मालाला ठीक.

दुसरी पायरी म्हणजे चांगल्या कंपनीचं, इलेक्ट्रोड बदलता येणारं पेन. किंमत काही हजारांत जाते. पाण्याने खराब न होणारी बॉडी, दोन किंवा तीन बिंदूंचं आपोआप बफर ओळखणारं कॅलिब्रेशन, तापमानाचा सेन्सर आणि ±०.०५ किंवा त्याहून चांगली अचूकता एवढं त्यात असावं. आठवड्याला दोन-चार घाणी काढणाऱ्या गटाला आमची शिफारस याच पायरीची आहे.

तिसरी पायरी म्हणजे टेबलावरचं किंवा हातात धरायचं मीटर, ज्याला केबलने वेगळा इलेक्ट्रोड जोडतात. जोडणी बहुतेक बीएनसी प्रकारची (फिरवून अडकवायची) असते. तिचा मोठा फायदा असा की मीटर तेच ठेवून इलेक्ट्रोड आपल्या पदार्थाप्रमाणे निवडता येतो, आणि पडद्यावर मिलिव्होल्टही, म्हणजे इलेक्ट्रोडने दिलेला विजेचा दाब, दिसतात. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानांत भारतीय बनावटीची अशी मीटरं मिळतात. घेताना दुकानदाराला एकच गोष्ट खोदून विचारावी: याचा इलेक्ट्रोड सहा महिन्यांनी सुटा मिळेल का आणि कितीला? उत्तर अडखळत आलं तर मीटर कितीही देखणं असलं तरी सोडून द्यावं.

शेतात मातीत खुपसायची, ओलावा-प्रकाश-पीएच एकत्र दाखवणारी काटेवाली साधनं आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी टीडीएस पेनं ही यातली नव्हेत. टीडीएस पेन पीएच मोजतच नाही.

पडद्यावर ०.०१ पर्यंत आकडा येतो, म्हणजे मीटर अचूक आहे ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. ०.०१ हा पडद्यावर दिसणारा सगळ्यात लहान टप्पा आहे. अचूकता वेगळी लिहिलेली असते, ±०.१ किंवा ±०.०२ अशी. ±०.१ च्या पेनाने ४.५४ दाखवलं तर खरा पीएच ४.४४ ते ४.६४ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे सीमेच्या अलीकडे की पलीकडे हेच ठरत नाही. पेटीवर अचूकतेचा आकडाच नसेल तर तो माल घेऊ नये. हा आकडा नव्या इलेक्ट्रोडचा आणि ताज्या बफरचा आहे, हेही लक्षात असू द्या. इलेक्ट्रोड जुना होईल तशी अचूकता ढासळते, पडद्यावरचे दशांश मात्र तसेच दिसत राहतात.

एटीसी म्हणजे काय? आपल्या उन्हाळ्यात ते हवंच का?

एटीसी म्हणजे तापमानाची आपोआप दुरुस्ती. इलेक्ट्रोड पीएचच्या प्रमाणात विजेचा दाब देतो. २५ अंशांना एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, तर ४० अंशांना तोच दाब ६२.१ होतो. मीटरला तापमान कळलं नाही तर ते २५ अंशांचाच हिशेब लावतं.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यात पाहू. गर खरोखर ४.६ चा आहे, म्हणजे ७ पासून २.४ अंक खाली. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो ४० अंशांवर आहे आणि मीटर २५ अंशांचं समजून चाललंय. २.४ ला ६२.१ ने गुणून ५९.१६ ने भागलं की २.५२ येतात. मीटर ४.४८ दाखवतं. म्हणजे सीमेवरचा माल आरामात सुरक्षित दिसतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतोच, त्यामुळे ही अडचण दर उन्हाळ्याची आहे.

यावर दोन उपाय आहेत. एक, एटीसी असलेलं मीटर घ्या. दोन, मीटर कोणतंही असो, बफर आणि नमुना दोन्ही एकाच तापमानाला आणून मग मोजा. दोन बिंदूंचं कॅलिब्रेशन त्याच गरम खोलीत केलं तर तिथलाच दाब मीटर शिकून घेतं आणि वरची चूक बहुतेक निघून जाते. एका स्क्रूच्या पेनात हे होत नाही, कारण ते फक्त ७ चा बिंदू सरकवतं.

एटीसी आहे म्हणून उकळत्या सॉसमध्ये पेन घालू नका. एटीसी इलेक्ट्रोडच्या दाबाचा हिशेब सुधारतं, पदार्थाचा पीएच तापमानाने खरोखर बदलतो तो सुधारत नाही. शिवाय ६० अंशांच्या वर काचेचं आयुष्य झपाट्याने घटतं. नमुना स्टीलच्या वाटीत घ्या, वाटी थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. पाच मिनिटांत तो खोलीच्या तापमानाला येतो.

इलेक्ट्रोड निवडताना काय बघायचं?

मीटरची किंमत पडद्यात नसते, या टोकात असते. टोकाला वाटाण्याएवढा काचेचा फुगा असतो, त्याची भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. त्याच्या जरा वर, दांड्याच्या बाजूला, मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसेल. तो जंक्शन. आतल्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचा बाहेरच्या नमुन्याशी संपर्क तिथूनच होतो. आकडा डळमळायला लागला की बहुतेक वेळा दोष या ठिपक्यात असतो, कारण गर, तेल, मसाला तिथेच अडकतो.

सरबत, रस, व्हिनेगर यांना गोल फुग्याचा साधा इलेक्ट्रोड पुरतो. दाट सॉस, गर, लोणच्याचा खार यांसाठी शंकूसारखं टोक आणि उघडं किंवा दुहेरी जंक्शन घ्यावं. दुहेरी जंक्शनमध्ये आतली चांदी नमुन्यापासून आणखी एका कप्प्याने दूर राहते, त्यामुळे प्रथिनं आणि गंधकयुक्त पदार्थांनी ते लवकर काळं पडून बुजत नाही. लसूण-कांद्याच्या मालाला हे विशेष उपयोगी. बॉडी काचेची की प्लास्टिकची? कामाच्या गडबडीत प्लास्टिकचीच बरी, फुग्याभोवती संरक्षक दांडे असलेली.

जेल भरलेला इलेक्ट्रोड निगा न मागणारा, पण साधारण वर्ष-दीड वर्षात संपतो. द्रावण पुन्हा भरता येणारा जास्त टिकतो. मात्र त्याची पातळी बघायला रोज कोणीतरी हवं. गटात ती जबाबदारी एका ताईकडे ठरलेली नसेल तर जेलवालाच घ्या.

मीटरसोबत आणखी काय घ्यावं?

४.०१ आणि ७.०० चा बफर (पुड्यांमध्ये बहुधा ४.०१ आणि ६.८६ येतो, मीटरला तो संच निवडता येत असेल तर तोही चालतो). इलेक्ट्रोड साठवायचं द्रावण. डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणि पिचकारी. पाच-सहा छोटे बीकर किंवा काचेच्या वाट्या. पेनासाठी जादा बटण सेल, बहुतेकांना एलआर४४ लागतात. सेल उतरले की आकडा विनाकारण नाचतो आणि माणूस इलेक्ट्रोडला दोष देत बसतो. १०.०१ चा बफर आंबट मालाला लागत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लवकर बिघडतोही.

डिस्टिल्ड पाणी कुठून आणायचं? बोअरचं किंवा आरओचं चालत नाही का?

गॅरेजमध्ये किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी स्वस्त आहे आणि चालतं. पण लेबल वाचून घ्या. त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये सल्फ्युरिक आम्लाचं द्रावणही विकलं जातं.

बोअरच्या पाण्यात बफरची पुडी कधीही विरघळवू नका. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. ते बफरमधलं आम्ल खातात, आणि ४.०१ चा म्हणून ठेवलेला बफर प्रत्यक्षात वर सरकतो. मीटर त्या चढलेल्या द्रावणालाच ४.०१ मानून जुळतं आणि मग प्रत्येक नमुना खऱ्यापेक्षा जास्त आंबट दाखवतं. पुन्हा तीच धोक्याच्या बाजूची चूक. आरओचं पाणी खळबळायला एक वेळ चालेल, पुडीसाठी नको.

कॅलिब्रेशन नेमकं कसं करायचं?

पुडीवर लिहिलं असेल तेवढ्या पाण्यात, बहुधा २५० मिली, पूर्ण पुडी एकदम विरघळवा. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यात असं करू नका, पावडर आत सारखी मिसळलेली असेलच असं नाही. बाटलीवर तारीख घाला, अंधारात ठेवा, महिन्याने टाकून द्या. ४.०१ च्या बाटलीत बुरशीचे धागे दिसले तर महिना न होताही टाका.

इलेक्ट्रोड साठवणीच्या द्रावणातून काढा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिश्यू टेकवून पाणी टिपून घ्या. पुसू नका. घासल्याने काचेवर स्थिर वीज चढते आणि आकडा बराच वेळ भरकटतो. बीकरमध्ये फुगा आणि तो पांढरा ठिपका दोन्ही बुडतील एवढा ७ चा बफर घ्या, हलकेच ढवळा, आकडा स्थिर झाला की कॅलिब्रेशनचं बटण. पुन्हा धुवा, टिपा, मग ४.०१. क्रम हाच: आधी ७, नंतर ४.

शेवटी वेगळ्या बीकरमध्ये ताजा ४.०१ घेऊन तपासा. ३.९६ ते ४.०६ मध्ये आला तर पुढे चला. वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही. वीस मिली वाचवण्यासाठी अख्खी बाटली नासते.

बफरचा स्वतःचा पीएचही तापमानाने किंचित हलतो. ४.०१ चा बफर ४० अंशांना ४.०३ आणि ६.८६ चा ६.८४ च्या आसपास असतो. चांगलं मीटर हे आपोआप धरतं.

मालाची घाणी काढाल त्या प्रत्येक दिवशी सकाळी कॅलिब्रेट करा. वहीत तारीख, बफर, तपासणीचा आकडा लिहा. अन्नपरवान्याच्या तपासणीला कोणी आलं तर तोंडी सांगण्यापेक्षा ही वही कामाला येते.

पेनावर ७.०० चं बटण आहे आणि पुडी ६.८६ ची. काय करायचं?

मीटरच्या माहितीपत्रकात बफरचा संच निवडायची सोय आहे का पाहा. नसेल तर ७.०० चाच बफर विकत आणा. ६.८६ ला ७.०० समजवलं तर सुरुवातीलाच ०.१४ चा घोळ घातल्यासारखं होतं.

लोणच्याचा, सॉसचा नमुना कसा तयार करायचा?

पहिला नियम: इलेक्ट्रोड कधीही मुख्य पातेल्यात घालायचा नाही. फुगा फुटला तर काच अख्ख्या घाणीत जाते. नमुना बाजूला काढा, मोजा, टाकून द्या.

सरबत, रस तसाच मोजा. सिरप फार दाट असेल तर बाजारात जातं त्याच दाटपणाला मोजा, पातळ करून नको.

लोणच्यात फोडीचा आणि खाराचा पीएच सुरुवातीला वेगळा असतो. मसाल्यातलं लिंबू किंवा व्हिनेगर फोडीच्या गाभ्यापर्यंत जायला वेळ लागतो. लिंबाच्या जाड फोडीला, गाजर-मिरचीच्या तुकड्याला दिवसच्या दिवस लागू शकतात. म्हणून भरल्याच्या दिवशीचा आकडा अंतिम धरायचा नाही. मुरल्यावर बरणीतून फोडी आणि खार ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात १०० ग्रॅम काढा. वर आलेलं तेल शक्य तितकं निथळून वेगळं करा, मग मिक्सरमधून फिरवा. फारच घट्ट असेल तर १० ते २० मिली डिस्टिल्ड पाणी घाला. एवढ्याने आंबट पदार्थाच्या पीएचमध्ये मोजण्यासारखा फरक पडत नाही. बोअरचं पाणी घातलं तर पडेल.

एका घाणीतून किमान तीन बरण्या मोजा: सुरुवातीला भरलेली, मधली, शेवटची. तळाला आम्ल जास्त आणि वर कमी असं मोठ्या पातेल्यात सर्रास होतं. तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा हाच त्या घाणीचा आकडा. सरासरी काढू नका.

आकडा ४.६ च्या वर आला तर?

आधी पुन्हा कॅलिब्रेट करून मोजा. तरी वर असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा. ५०० ग्रॅम नमुना वेगळा घ्या, अर्धा-अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व, घालत जा. प्रत्येक वेळी दोन मिनिटं नीट ढवळून मोजा. ४.६ वर थांबायचं नाही, ४.२ गाठायचं. मीटरची चूक, ढवळण्यातली कमी-जास्त, पुढच्या घाणीचा वेगळा माल या सगळ्यांना तेवढी जागा हवी. समजा ५०० ग्रॅमला २.५ ग्रॅम लागलं, तर किलोला ५ आणि २० किलोच्या घाणीला १०० ग्रॅम. ते घालून झाल्यावर अख्खी घाणी पुन्हा मोजायची.

दोन दिवस बाहेर राहिलेल्या, ४.६ च्या वरच्या मालात नंतर आम्ल घालून तो वाचवता येत नाही. विष झालं असेल तर ते आम्लाने जात नाही. तो माल फेकावा, कितीही जीव तुटला तरी.

सीताफळाच्या गरात एवढं लिंबूसत्व घातलं तर त्याची चवच जाते. त्याला आम्ल हा मार्ग नाही, उणे १८ अंशांचं गोठवणं हाच मार्ग. बीडकडचा सीताफळाचा गर गोठवून विकला जातो तो याचसाठी.

आकडा स्थिरच होत नाही. काय तपासू?

क्रमाने: सेल ताजे आहेत का, नमुना आणि बफर एकाच तापमानाचे आहेत का, पांढरा ठिपका बुडालाय का, फुग्याला हवेचा बुडबुडा चिकटलाय का. इलेक्ट्रोडच्या आत फुग्यात हवा अडकली असेल तर थर्मामीटर झटकतो तसा हलकेच खाली झटका. केबलवालं मीटर असेल तर बीएनसीची जोडणी कोरडी करा. तिथे ओलावा शिरला की आकडा सगळ्या द्रावणांत ७ च्या आसपास अडकून बसतो.

आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याचा पीएच मोजून मीटर तपासू नका. त्यात आयन इतके कमी असतात की चांगलं मीटरही भरकटतं.

इलेक्ट्रोड कशात ठेवायचा? टोपणात पांढरे कण दिसतात ते काय?

तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात २२.४ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम क्लोराइड, प्रयोगशाळेचं. खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश वापरू नका. तेही पोटॅशियम क्लोराइडच असलं तरी त्यात लाल माती आणि लोह असतं. टोपणात या द्रावणाचे आठ-दहा थेंब, किंवा स्पंज ओला. पांढरे कण हे सुकलेलं मीठच आहे, धुवून टाका.

नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका. आतले क्षार ठिपक्यातून बाहेर झिरपतात आणि इलेक्ट्रोड महिन्यांऐवजी आठवड्यांत थकतो. द्रावण संपलं तर तात्पुरतं ४.०१ च्या बफरमध्ये ठेवा. कोरडा पडलेला इलेक्ट्रोड रात्रभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये भिजवा. बरेचदा परत येतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात टोपणातलं पाणी आठवड्यातच उडतं, तेव्हा दर सोमवारी उघडून पाहायची सवय लावा.

तेल, हळद, मसाला लागला तर साफ कसा करायचा?

लोणच्यानंतर लगेच, सुकायच्या आत. भांडी घासायचा पातळ साबण कोमट पाण्यात दोन थेंब, त्यात इलेक्ट्रोड ढवळा. तेल सुटलं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धं मिनिट. दूध-ताकासारख्या प्रथिनांसाठी पेप्सिन आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचं तयार द्रावण मिळतं. क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटं. प्रत्येक सफाईनंतर पोटॅशियम क्लोराइडमध्ये किमान तासभर, मग नवं कॅलिब्रेशन. काथ्या, ब्रश, कपड्याचा पदर काहीही फुग्याला लावायचं नाही.

काचेवर हळदीचा पिवळेपणा राहिला तर घाबरू नका. बफरमध्ये आकडा नीट येत असेल तर तो फक्त डाग आहे.

इलेक्ट्रोड संपला हे कसं ओळखायचं?

मिलिव्होल्ट दिसत असतील तर सोपं आहे. २५ अंशांच्या आसपास ७.०० मध्ये आकडा शून्याच्या जवळ, ±३० च्या आत यावा. ४.०१ मध्ये समजा १७५ आणि ७.०० मध्ये ५ आला. फरक १७०, भागिले २.९९ (७.०० उणे ४.०१), म्हणजे पीएचमागे ५६.९. हे ५९.१६ च्या ९६ टक्के झाले, उत्तम. ९० टक्क्यांच्या खाली गेला की साफ करून पुन्हा पाहा. तरी तिथेच असेल तर बदला. मिलिव्होल्ट नसलेल्या पेनात स्थिर व्हायला दोन मिनिटांहून जास्त लागत असतील, किंवा सकाळी जुळवलेलं पेन दुपारी ताज्या बफरमध्ये ०.१ ने चुकत असेल, तर त्याचे दिवस भरले.

याच मीटरने बिअरचा पीएच मोजता येतो का?

येतो. किंबहुना पीएच ही कल्पनाच बिअरच्या कारखान्याशी जोडलेली आहे. १९०९ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. पुढे १९३४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बेकमन यांनी अमेरिकेत पीएच मीटर बनवलं ते लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी.

महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, घरीसुद्धा नाही. परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्यांसाठी किंवा घरगुती बिअरला परवानगी असलेल्या देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एवढं सांगता येईल: माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नमुना काढून, थंड करून मोजावा. ५.२ ते ५.६ हवा. त्या गरम तापमानाला प्रत्यक्ष पीएच साधारण ०.३ ने कमी असतो, म्हणून आकडा लिहिताना थंड की गरम हे लिहावंच. बायकार्बोनेटच्या जड पाण्याने हा पीएच वर चढतो, त्यावर लॅक्टिक किंवा फॉस्फरिक आम्ल घालतात. तयार बिअर मोजताना दोन ग्लासांत आलटून पालटून ओतून आधी गॅस काढावा, नाहीतर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आकडा खाली ओढतो.

आपल्या मीटरवर पूर्ण विश्वास कसा ठेवायचा? कुठे ताडून बघता येईल?

नवा पदार्थ विक्रीला काढण्याआधी एकदा तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात याबद्दल चौकशी करता येईल. त्याच घाणीतल्या दोन बरण्या घ्या, एक तिकडे पाठवा, दुसरी त्याच दिवशी आपल्या मीटरने मोजून आकडा आधीच वहीत लिहा. दोन्ही ०.०५ च्या आत जुळले तर तुमची पद्धत बरोबर आहे. जास्त फरक आला तर मीटर बदलायच्या आधी बफरचं पाणी कुठून आलं होतं ते तपासा.